साथीच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरचा आरोग्य-चॅटबॉट : इंदूरच्या मंडळाने तो कसा उभारावा

प्रश्न थोडक्यात असा : इंदूरमधले एक मराठी मंडळ आहे. सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग या भागांत सभासद कुटुंबे पसरलेली, त्यांत एकटी राहणारी वयस्क मंडळी बरीच. पुढची साथ आली, किंवा पावसाळ्यात नुसता डेंग्यू वाढला, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉट लावून खात्रीची माहिती मराठीत द्यावी असा विचार आहे. हाताशी दोन डॉक्टर, सॉफ्टवेअर शिकलेली एक मुलगी आणि पाच-सहा स्वयंसेवक. एआय वापरावे का, सुरुवात कुठून करावी आणि असे प्रकार फसतात ते कशाने?

एआयचे आधी संपवू. उत्तर लिहिण्याचे काम एआयला देऊ नका. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषधही लिहून द्यायचे नाही. तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचा. नियम क्षणभर बाजूला ठेवला तरी अडचण उरतेच. साथीत सूचना भराभर बदलतात आणि मॉडेलने शिकलेला मजकूर जुना असतो. तो जुना नियम ते इतक्या सफाईदार मराठीत सांगते की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. एआयला एक काम खुशाल द्या : आलेले वाक्य तुमच्या तयार उत्तरांपैकी कोणाशी जुळते ते ओळखणे. जुळले तर डॉक्टरांनी मान्य केलेले उत्तर जसेच्या तसे जावे. नाही जुळले तर सरळ ‘हे मला सांगता येणार नाही’ आणि सोबत माणसाचा नंबर.

कोविडमध्ये मोठ्या प्रमाणावर चाललेल्या सेवाही याच साध्या घाटाच्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेची व्हॉट्सअ‍ॅप सेवा २० मार्च २०२० ला सुरू झाली, आपल्याकडची ‘मायगव्ह कोरोना हेल्पडेस्क’ त्याच महिन्यात. आकडा किंवा ठरलेला शब्द पाठवा, ठरलेले उत्तर घ्या. ऑगस्ट २०२१ पासून लसीचे प्रमाणपत्रही हेल्पडेस्कच्या त्याच नंबरवर मिळू लागले. पुढच्या साथीतही सरकारी बॉट असेलच, त्याची नक्कल करत बसू नका. तुमच्या भागात आज काय चालू आहे, घरच्या म्हाताऱ्या माणसाला कळेल अशा मराठीत काय सांगायचे, आणि कोणत्या क्षणी फोन उचलायचा, एवढ्यासाठीच तुमचा बॉट हवा.

आता उत्तरांचा साठा. बॉटचे खरे कष्ट इथे आहेत, आणि बहुतेक बॉट मरतात तेही इथेच. पहिल्या आठवड्यात उत्साहाने लिहिलेली उत्तरे तिसऱ्या महिन्यात तशीच पडून राहतात. कोविशील्डचेच पाहा. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा दोन डोसांत ४ ते ६ आठवड्यांचे अंतर होते. मार्चच्या अखेरीस ते ६ ते ८ झाले, १३ मे रोजी १२ ते १६. कोव्हॅक्सिनचे मात्र ४ ते ६ आठवडेच राहिले. म्हणजे ‘दुसरा डोस कधी?’ याला एकच उत्तर ठेवणारा बॉट चार महिन्यांत दोनदा खोटा ठरला, आणि ‘कोणती लस घेतली?’ हे आधी न विचारणारा मार्चअखेरपासून अर्धवट होता. घरातल्या विलगीकरणाचे १० दिवसही जानेवारी २०२२ मध्ये ७ वर आले, तेही शेवटचे सलग ३ दिवस ताप नसेल तरच.

म्हणून प्रत्येक उत्तराचे एक कार्ड करा आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये त्याच्यापुढे चार रकाने ठेवा : कोणत्या सरकारी सूचनेवरून घेतले, कोणत्या डॉक्टरांनी पाहिले, कधी पाहिले, आणि कधी बाद होणार. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आजार कसा पसरतो, हात कसे धुवावेत असली कार्डे ३० दिवस चालतील. विलगीकरण, लस, तपासणी यांच्या नियमांची मुदत ७ दिवस. केंद्र कुठे, वेळ काय, याची २४ तास. मुदत संपली आणि कोणी पुन्हा मान्य केले नाही तर कार्ड आपोआप दिसेनासे झाले पाहिजे आणि त्या जागी ‘ही माहिती तपासत आहोत, तोवर १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर विचारा’ असे यायला हवे. कोणीतरी लक्षात ठेवून काढेल यावर विसंबू नका. साथीत ते ‘कोणीतरी’ स्वतःच तापाने पडलेले असते. तपासल्याची तारीख वाचणाऱ्यालाही दिसू द्या. तो मेसेज फॉरवर्ड होणारच आहे, आणि तीन महिन्यांनी कुठल्याशा ग्रुपवर उगवला तर निदान जुना आहे हे तरी कळेल.

रिकाम्या खाटा आणि ऑक्सिजन सिलिंडर यांच्या याद्या ठेवूच नका. एप्रिल-मे २०२१ मध्ये फिरणाऱ्या अशा याद्यांतले बरेच नंबर लागतच नव्हते, आणि लावणाऱ्याचा मोलाचा वेळ त्यात गेला. कोविन या सरकारी लसनोंदणी पोर्टलवरची स्लॉटची माहितीसुद्धा बाहेरच्या अ‍ॅपना ३० मिनिटांपर्यंत शिळी मिळायची. ‘जागा आहे’ दिसेपर्यंत ती भरलेली असे. जी गोष्ट तासाला बदलते तिच्यासाठी प्रशासनाच्या पानाचा दुवा द्या आणि थांबा.

सुरुवातीला चाळीस कार्डे पुष्कळ झाली. कोणती, हे खोलीत बसून ठरवू नका. सोसायट्यांच्या ग्रुपवर आलेले प्रश्न, कॉलनीतल्या केमिस्टच्या काउंटरवर विचारले जाणारे, डॉक्टरांच्या फोनवर आलेले, असे आठवडाभर नुसते उतरवून घ्या, लोकांच्याच शब्दांत. प्रत्येक कार्ड साठ शब्दांत बसवा, म्हणजे पडदा सरकवावा लागत नाही. पहिल्या ओळीत उत्तर, मग काय करायचे, मग दवाखान्यात कधी जायचे. अफवेवरच्या कार्डातही हाच क्रम : अफवा शीर्षकात मिरवायची नाही, खरे आधी. दुसऱ्या लाटेत कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी घरोघर पोचली होती, तिच्यावरचे कार्ड असे होईल :

‘ऑक्सिजन कमी झाला तर तो दवाखान्यातच भरून काढता येतो. कापूर, ओवा, लवंग हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, इतकेच. कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली असेल तर आत्ता डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली असेल तर १०८.’

यात कोणाला मूर्ख ठरवलेले नाही. पुरचुंडी करून देणारी आजीच हे वाचणार आहे.

औषधांबाबत एकच धोरण ठेवा : औषधाचे नाव किंवा मात्रा बॉटवर नाही. अपवाद तापावरच्या पॅरासिटामॉलचा, तोही ‘तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत’. हे अतिसावधपणाचे वाटेल, पण डेक्सामेथासोनचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. हे स्टिरॉइड ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णाला वाचवते. ऑक्सिजनची गरज नसलेल्याला त्याचा उपयोग नाही, आणि मधुमेह्याची साखर त्याने चढते. दुसऱ्या लाटेत कोणाचे तरी प्रिस्क्रिप्शन फॉरवर्ड होऊन त्यावर गोळ्या घेतल्या जात होत्या. त्यानंतर काळ्या बुरशीचे रुग्ण किती वाढले हे इंदूरला वेगळे सांगायला नको. एमवाय हॉस्पिटलमध्ये त्यांच्यासाठी वेगळे वॉर्ड काढावे लागले. डेंग्यूच्या कार्डात उलट बाजूने दोन नावे लिहावीच लागतात : अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

यापुढचा भाग सर्वांत नाजूक : धोक्याची लक्षणे. मेन्यू कुठेही असो, माणूस भाषा निवडत असो की लसीचे विचारत असो, आलेला प्रत्येक मेसेज आधी या चाळणीतून गेला पाहिजे. दम लागतोय, श्वास कोंडतोय, छातीत दाब किंवा दुखणे, बरळतायत, हलवले तरी उठत नाहीत, ओठ निळे पडलेत. लोक पुस्तकी बोलत नाहीत. ‘बाबांना कसंतरीच होतंय’, ‘आईला बोलवत नाहीये’ हेही यादीत हवे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे ‘दम लागत नाहीये’ या वाक्यावरही चाळणी वाजेल. वाजू द्या. नकार ओळखण्याची हुशारी इथे दाखवू नका. एक प्रश्न विचारून खात्री करा : ‘आत्ता, बसल्या जागी श्वास घ्यायला त्रास होतोय का?’ त्याला दोनच बटणे. ‘हो’ आले की बाकी मेन्यू गायब, पडद्यावर फक्त १०८ आणि रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे त्या तीन ओळी. उत्तरच आले नाही, तर दोन मिनिटांत स्वयंसेवकाच्या फोनवर घंटी.

आता ऑक्सिमीटर, कारण यात जीवघेणी चूक सहज होते. यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा टक्क्यांत, दुसरा नाडीच्या ठोक्यांचा. ‘ऑक्सिजन किती?’ विचारले की घाबरलेला माणूस डोळ्यांना आधी दिसेल तो आकडा टाइप करतो. ऑक्सिजन ९७ आणि नाडी ७८ असताना ७८ आले, तर बॉट उगाच रुग्णवाहिका बोलवायला सांगेल. हा त्रास झाला. पण ऑक्सिजन ८८ आणि नाडी ९६ असताना ९६ आले, तर बॉट ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होईल. म्हणून दोन्ही आकडे मागा, सोबत यंत्राचा फोटो दाखवून टक्क्याच्या खुणेवर बाण काढा. ऑक्सिजनच्या जागी १०० च्या वरचा आकडा आला तर तो नाडीचाच, पुन्हा विचारा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसायला, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेले बोट वापरायला, हात गार असतील तर चोळायला आणि आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबायला सांगा. आकडे देवनागरीत येतील, इंग्रजीत येतील, अक्षरांत ‘ब्याण्णव’ येतील आणि इंदूरमध्ये ‘बानवे’ही येतील, चारही वाचता आले पाहिजेत.

इतके करूनही आकड्यावर विसंबून ‘तुम्ही ठीक आहात’ हे वाक्य बॉटने कधीच म्हणू नये. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे कोविडच्याच काळात पुढे आले. वाक्य असे ठेवा : ‘हा आकडा धोक्याच्या पातळीला नाही. चार तासांनी पुन्हा मोजा. बोलताना दम लागत असेल, तर आकडा काहीही असो, १०८ लावा.’ जानेवारी २०२२ च्या सरकारी सूचनेत एका तासात तीनदा मोजून ९३ किंवा कमी आल्यास वैद्यकीय मदत घ्या असे होते. बॉटसाठी त्याहून कडक रेषा आखा : ९४ च्या खाली एकदा आले तरी डॉक्टरांना फोन, आणि पुन्हा मोजणे तो फोन लागेपर्यंत.

डेंग्यूमध्ये सापळा वेगळा आहे. ‘ताप उतरला’ या मेसेजला शाबासकीचे उत्तर जाता कामा नये, कारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो तेव्हाच धोका सुरू होतो. ताप उतरल्याचे कळताच बॉटने विचारावे : पोटात सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय का, शी काळी झालीय का, लघवी कमी झालीय का, फार मरगळ आहे का. एकालाही ‘हो’ आले तर दवाखाना.

भाषेचे गणित इंदूरमध्ये पुण्यासारखे नाही. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे लिपी पाहून भाषा ओळखणारी सोय इथे कुचकामी. शिवाय वाक्य बरेचदा असे येते : ‘दोन दिवसांपासून बुखार आहे, गळ्यात खराश आहे, तबियत एकदम डाउन.’ ही इथली रोजची मराठी आहे, ती दुरुस्त करायची नाही. ताप, बुखार, कणकण, अंग गरम, खोकला, खाँसी, जुलाब, दस्त, लूज मोशन, प्रत्येक लक्षणासमोर असे शब्द लिहून काढा, वर रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची दोन-तीन स्पेलिंगे. भाषा एकदाच विचारा आणि लक्षात ठेवा. उत्तर मात्र स्वच्छ, साध्या मराठीत द्या. सरकारी परिपत्रकातले ‘प्रादुर्भाव’, ‘संक्रमित व्यक्ती’ असले शब्द कार्डात नकोत.

बटणांची मर्यादा आधीच माहीत असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर एका मेसेजला जास्तीत जास्त तीन बटणे, प्रत्येकावर २० अक्षरे. यादीत दहा ओळी, ओळीचे शीर्षक २४ अक्षरांचे. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘लसीकरण केंद्र कुठे आहे’ डोळ्यांना छोटे दिसते, पण मोजणीत २२ भरते आणि नाकारले जाते. ‘लस कुठे मिळेल’ १३ मध्ये बसते. ज्येष्ठांच्या फोनवर अक्षरे मोठी केलेली असतात, तिथे त्याहूनही कमी दिसते. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी.

एकाच फोनवरून अख्खे घर विचारते, हेही विसरू नका. सकाळी आजोबांच्या खोकल्याचे विचारलेल्या नंबरवरून दुपारी नातवाच्या तापाचा प्रश्न येतो. प्रत्येक वेळी ‘कोणासाठी विचारताय? वय किती?’ हे नव्याने विचारा, मागची उत्तरे पुढे ओढू नका. आणि निम्मे प्रश्न बाहेरगावाहून येतील : मुलगा पुण्यात, आई-बाबा इंदूरला. त्याने पुण्यातून १०८ लावला तर तो महाराष्ट्राच्या केंद्राला लागतो, मध्य प्रदेशाच्या नाही. त्याच्यासाठी ०७३१ ने सुरू होणारा जिल्हा नियंत्रण कक्षाचा चालू नंबर आणि मंडळाच्या त्या भागातल्या स्वयंसेवकाशी जोडून देण्याची सोय वेगळ्या कार्डात ठेवा. हा नंबर रोज सकाळी एकाने स्वतः लावून पाहायचा.

साधन कोणते, यावर लोक उगाच महिने घालवतात. तुमच्या आकाराच्या मंडळाने फुकट मिळणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपपासून सुरुवात करावी, वेगळे सिम घेऊन. त्यात ५० तयार उत्तरे साठवता येतात, म्हणजे चाळीस कार्डे मावली. स्वागताचा मेसेज आपोआप जातो, पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस गप्प राहिलेल्यालाच. उत्तर निवडायला माणूस बसलेला असतो, आणि कार्डे कुठे कमी पडतात ते पहिल्या महिन्यात त्यालाच कळते. चाळणी, बटणे, मुदत हे सगळे मात्र एपीआयवर (व्हॉट्सअ‍ॅपला आपला प्रोग्राम जोडण्याची सोय) गेल्याशिवाय जमणार नाही. तोवर ती चाळणी म्हणजे त्या माणसाचे डोळे. एपीआयवर कोणी आधी लिहिले तर पुढचे २४ तास मोकळे उत्तर देता येते, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेले टेम्पलेटच, म्हणजे ठरीव मजकुराचा मेसेज, पाठवता येते आणि त्याला पैसे पडतात. ‘आज कसे आहात?’ असा रोजचा पाठपुरावा करायचा असेल तर ते टेम्पलेट साथ येण्याआधीच मंजूर करून ठेवा. संमतीशिवाय सर्वांना धडाधड पाठवलेत, लोकांनी ब्लॉक केले, की नंबरचा दर्जा घसरतो आणि ऐन वेळी अडचण येते.

व्हॉइस नोट्स आणि रिपोर्टचे फोटो येणारच. आवाजाचे मराठी मजकुरात रूपांतर करायला सरकारच्या भाषिणी प्रकल्पाची मदत घेता येते, पण धाप लागलेल्या माणसाचे तुटक बोलणे यंत्राला नीट कळेल असे धरून चालू नका. व्हॉइस नोट थेट स्वयंसेवकाकडे जाऊ द्या. सीटी स्कॅनचा स्कोअर, डी-डायमर यांचा अर्थ बॉटने सांगायचा नाही, ‘रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा’ एवढेच. साध्या फोनवाल्यांसाठी एसएमएस लागेल. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरे मावतात आणि मजकुराची डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांची एसएमएस-नोंदणी यंत्रणा) नोंदणी आधी करावी लागते.

स्वयंसेवकांची पाळी सकाळी ८ ते रात्री १०, एका वेळी दोघे. रात्री बॉटने स्पष्ट सांगावे की आता माणूस नाही, तातडीचे असेल तर १०८, मन फार अस्वस्थ असेल तर टेलि-मानसचा १४४१६. ‘लवकरच संपर्क करू’ असे मोघम आश्वासन नको. लोक खरोखर वाट पाहत बसतात.

गोपनीयतेत ढिलाई झाली तर मंडळाचे नाव जाईल. २०२० मध्ये बाधितांच्या याद्या ग्रुपवर फिरल्या आणि माणसे तपासणीलाच घाबरू लागली. आधार क्रमांक मागू नका, पूर्ण पत्ता मागू नका, पिनकोड पुरतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन पहिल्याच मेसेजमध्ये काय साठवता, किती दिवस आणि कशासाठी ते मराठीत सांगा. संभाषणे ३० दिवसांनी पुसा. स्वयंसेवकाने स्क्रीनशॉट काढून कुठल्याही ग्रुपवर टाकला तर त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद, नात्यागोत्याचा विचार न करता.

सुरू करण्याआधी मंडळातल्या साठीपुढच्या दहा जणांना फोन देऊन बसवा. ‘तुमच्या बहिणीला तीन दिवस ताप आहे, विचारा’ एवढेच सांगा आणि मध्ये बोलू नका. कुठे अडतात, कोणते बटण दाबायचे राहते, ते लिहा. शिवाय दोनशे वाक्यांची परीक्षा तयार ठेवा, त्यांत साठ धोक्याची. कार्डात किंवा चाळणीत काही बदलले की सगळी परीक्षा पुन्हा. धोक्याच्या साठपैकी एकही सुटले तर बदल परत घ्या. चालू झाल्यावर ‘किती मेसेज आले’ हा आकडा मिरवायचा असेल तर मिरवा, पण रोज अर्धा तास बॉटला न कळलेल्या मेसेजांची यादी वाचण्यात घाला; दुसऱ्या दिवशीची नवी कार्डे त्यातच असतात.

साथ ओसरली की बॉट बंद करण्याचीही पद्धत आहे. नियमांची कार्डे आधी काढा, मग महिनाभर एकच मेसेज ठेवा : ही सेवा अमुक तारखेला थांबली, चालू माहितीसाठी १०४. साठवलेले सगळे पुसा, टेम्पलेटे आणि शब्दांच्या याद्या मात्र जपून ठेवा. सिम रिचार्ज करायला विसरू नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि तुमच्या सभासदांच्या घरांत तो ‘मंडळ आरोग्य’ म्हणून सेव्ह केलेला असतो.